पाना कुणाच्या हातात? एका जुन्या पिकअपच्या निमित्ताने

आमच्या घरी महिंद्राची एक जुनी डिझेल पिकअप आहे. २००४ चे मॉडेल, एमएच २९ ची पाटी. बाबांनी ती २०११ मध्ये सेकंडहँड घेतली. वणी-घुग्घुस रस्त्यावरच्या कोळशाच्या धुळीत तिचा पांढरा रंग कधीचाच गेला. कापसाच्या गाठोड्यांपासून जयंतीच्या साउंडपर्यंत सगळे काही तिने वाहिले आहे. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमाच्या खुर्च्या उतरवत असताना आपल्याच समाजातले एक प्राध्यापक जवळ आले, फाळक्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "अजून हे जुगाड चालवता का?"

माणूस चांगला आहे. चळवळीला वर्गणी देतो, पुस्तके वाचतो. म्हणूनच तो शब्द मला टोचला. बाबा बाजूला उभे होते, त्यांनी ऐकले आणि काही न बोलता पाण्याची कॅन उचलली.

जुगाड म्हणजे काय, हे एकदा पाहूच. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याच्या बेतात येते आणि नेमक्या क्षणी नोझलमधून डिझेलचा फवारा आत गेला की भडका उडतो. हा क्षण आणि हा फवारा पंप ठरवतो. पंपाच्या आतल्या दांड्याची आणि त्याच्या घराची फट केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी असते. तिथे पाण्याचा एक थेंब किंवा धुळीचा कण गेला तरी हजारोंचा खर्च. म्हणून फिल्टर. आणि फिल्टर बदलला की लाइनीत हवा शिरते, मग सेल्फ कितीही मारा, गाडी सुरू होत नाही. अशा वेळी फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करायचा, हाताने पंप दाबत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की दाबता दाबताच स्क्रू कसायचा. तरीही नाही झाली, तर नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल करायचे आणि सेल्फ मारून हवा काढायची. हे पुस्तकात चार ओळींत येते. पण स्क्रू कधी कसायचा, हे बोटाला कळावे लागते.

आता धुराचे. काळा धूर आला तर डिझेल जास्त जाते आहे किंवा हवा कमी मिळते आहे, आमच्या भागात दहापैकी आठ वेळा एअर फिल्टर कोळशाच्या भुकटीने चोंदलेला असतो. निळा आला तर ऑइल जळते आहे, रिंगा पाहा. सकाळी थोडा पांढरा आला तर इंजिन थंड आहे, हीटर प्लग तपासा. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेट. दवाखान्यात डॉक्टर नाडी, जीभ आणि डोळे पाहून जे करतो, त्याला आपण निदान म्हणतो. गॅरेजमधला माणूस धुराचा रंग पाहून तेच करतो, त्याला जुगाड म्हणतो. फरक कामात आहे की करणाऱ्यात?

या देशात गाडीचा आणि जातीचा संबंध जुना आहे आणि त्याचे सर्वांत धडधडीत पुरावे खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहेत. त्यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये दोन प्रसंग वाहनांचे आहेत. पहिला १९०१ चा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली, गोरेगावला जायला बैलगाड्या होत्या, पण मुले अस्पृश्य आहेत हे कळल्यावर गाडीवान तयार होईना. शेवटी तोडगा निघाला. दुप्पट भाडे घ्यायचे, मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालत यायचे. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. बाबासाहेब तोपर्यंत बॅरिस्टर झालेले, अस्पृश्यांवरील अन्यायाची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार नाही. टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. मग वस्तीतला एक माणूस लगाम धरून बसला, ज्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पाहुण्याने पायी चालत येऊ नये, एवढीच त्या लोकांची इच्छा. वाटेतल्या पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. पाय मोडला.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. चाळीसगावच्या टांगेवाल्याने बाबासाहेबांना टांगा दिला, पैसेही घेतले. त्याने राखून ठेवले ते फक्त आपले कौशल्य. वस्तू विकत मिळते, भाड्याने मिळते. ती चालवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे ज्ञान मात्र जातीच्या कुंपणाआड राहते, आणि ते नसले की पुलावर पाय मोडतो.

गावगाड्यात लोहाराचा भाता लोहाराकडे, सुताराचा वाकस सुताराकडे. आपल्या वाट्याला आली ती निरोप पोचवण्याची, राखणीची आणि मेलेली गुरे ओढण्याची कामे, ज्यांत अवजार जवळजवळ नाहीच. मुंबईच्या कापड गिरण्यांत यंत्रे आली तेव्हा तरी हे मोडायला हवे होते. तिथेही विणखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतर कामगारांना विटाळ होई. चांगला पगार नेमका त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन'च्या न झालेल्या भाषणात त्यांनी तो सिद्धांताच्या पातळीवर नेला. जात श्रमाची विभागणी करते असे तिचे समर्थक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवले की ती श्रमिकांचीच विभागणी करते, आणि एका धंद्यातून दुसऱ्यात जायची वाट बंद करून बेकारीही जन्माला घालते.

त्याच वर्षी गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. वणीपासून हे फार दूर नाही, मधे वरोरा आणि हिंगणघाट. १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची वर्धा योजना पुढे आली. चरखा, तकली, सूत. हाताच्या कामाला प्रतिष्ठा मिळावी हा त्यामागचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण यंत्राविषयी बाबासाहेबांची भूमिका नेमकी उलटी होती. १९४५ च्या त्यांच्या गांधी आणि काँग्रेसविषयीच्या ग्रंथात ते म्हणतात की दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. ज्यांच्या पिढ्यानपिढ्या ढोरमेहनतीत गेल्या, त्यांना चरख्यापेक्षा इंजिन जवळचे वाटावे यात आश्चर्य कसले?

आणि हे नुसते लिहून ते थांबले नाहीत. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात परदेशी शिष्यवृत्त्यांबरोबर तांत्रिक शिक्षणाची मागणी आहे, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे ही मागणी आहे. ही बाब आपल्या सभांमध्ये क्वचितच ऐकू येते. युद्धकाळातले कारागीर-प्रशिक्षण त्यांच्याच मजूर खात्याकडे होते. युद्धातून परतणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी आणि रोजगारासाठी १९४५ मध्ये याच खात्याखाली महासंचालनालय उभे राहिले आणि पुढे त्याच्याच वाटेने १९५० पासून आयटीआयची योजना आली. म्हणजे गावोगावच्या आयटीआयमध्ये जो फाइल आणि व्हाइस घेऊन पोरगा उभा असतो, त्याच्या वंशावळीत बाबासाहेब आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याचे कलम मात्र १९७३ मध्ये आले. बारा वर्षे लागली.

आता वणीकडे येतो.

यवतमाळ जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत वणी जिल्हा होते, हे आज वणीच्याही पुष्कळांना ठाऊक नाही. कापसाचा मुलूख. कापूस बंडीतून जिनिंगला जायचा आणि बंडीचे चाक सुताराकडे, धाव लोहाराकडे. मोटार आली आणि पहिल्यांदा असे एक यंत्र आले ज्याची जात कुठल्याच पोथीत नव्हती. महिंद्राने १९४७ मध्ये जीपची जुळणी सुरू केली. १९७३ मध्ये जगभर तेल महागले तेव्हा पेट्रोल जीपमधली इंजिने काढून डिझेल इंजिने बसवण्याचा सपाटा गॅरेजांमध्ये सुरू झाला. पुढे महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. त्याच काळात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेकोलि स्थापन झाली आणि राजूर, पिंपळगाव, उकणी, निलजई ही नावे ट्रकांच्या पाट्यांवर दिसू लागली. ट्रक, जीप, मेटाडोर वाढले. पाना धरणारे हात कमी पडले. आणि जिथे हात कमी पडतात, तिथे जात थोडी सैल होते.

थोडीच. बाबा तेरा वर्षांचे असताना चंद्रपूरला एका गॅरेजात कामाला लागले. मालकाचे नाव इथे लिहायचे नाही. काम काय, तर सुटे भाग डिझेलमध्ये धुणे, जमिनीवर सांडलेल्या ऑइलवर भुसा टाकणे, टायर गडगडत नेणे. गॅरेजच्या मागे एक बंद खोली होती. तिथे पंपाचे काम चाले, त्या काळी सगळे त्याला 'मायको'च म्हणत, कारण पंप आणि नोझल त्याच कंपनीचे (१९५१ ची ही कंपनी २००८ पासून बॉश या नावाने चालते). खोलीत धूळ नको म्हणून दार बंद, हे कारण खरेच होते. पण मालकाच्या जातीची दोन पोरे हात धुऊन आत जात आणि बाबांना हात धुऊनही आत जाता येत नसे. अडीच वर्षांत एकदाही नाही. माठही वेगळा नव्हता, असे बाबा आवर्जून सांगतात; माठ होता, त्यांना नळीने पाणी प्यायची सवय लावली होती.

पंपाची खोली म्हणजे गॅरेजचा गाभारा. धुण्याचे, उचलण्याचे, ठोकण्याचे काम कोणीही करावे; मोजण्याचे काम ठरावीक लोकांनी. जातिव्यवस्था नव्या धंद्यात कशी शिरते याचे इतके स्वच्छ उदाहरण मला एखाद्या ग्रंथात सापडलेले नाही.

बाबांना ते काम शिकवले वणीच्या एका मुसलमान उस्तादांनी. त्यांचे गुणगान मी करणार नाही, कारण त्यांनी बाबांना दोन वर्षे पगार दिला नाही, फक्त जेवण आणि सणाला कपडे; आणि एकदा चौदा-पंधराचा पाना फेकून मारला, त्याची खूण कपाळावर आहे. गॅरेज हे समतेचे नंदनवन वगैरे नाही. तिथे आजही बारा वर्षांचे 'छोटू' राबतात आणि ते कोणत्या वस्त्यांमधून येतात हे सांगायला नको. पण उस्तादांनी नोझल तपासायचा हातपंप बाबांच्या हातात दिला. फवारा धुक्यासारखा उडाला पाहिजे, थेंब टपकता कामा नये. "पाहू नको, आयक," ते म्हणत. चांगले नोझल उघडताना किर्र असा बारीक आवाज करते. बाबांना तो आवाज आजही बाजारातल्या गोंगाटात ऐकू येतो.

तेव्हा या पिकअपवर जे काही झाले आहे ते असे. मागच्या कमानपाट्यात एक जास्तीचा पाटा टाकला होता, कारण या भागात वजनाला अंत नाही. दोन वर्षांनी बाबांनीच तो काढला. पाटा कडक झाला की गाडी बसत नाही हे खरे, पण जो धक्का पाट्याने खायचा तो चेसिस खाते आणि चेसिसला चीर जाते. मालकाला वाटते गाडी मजबूत झाली. गाडी आतून मोडत असते. पाण्याचा पंप दोनदा, रेडिएटर एकदा खोलून सळईने साफ केला. क्लच प्लेट तीनदा. ऑल्टरनेटरचे बेअरिंग. सगळी वायरिंग बाबांनी एका पावसाळ्यात बसून नवी ओढली, प्रत्येक सर्किटला वेगळा फ्यूज दिला आणि हेडलाइटला रिले लावला. त्यानंतर दिवे एवढे लख्ख पडतात की मूळ कंपनीनेही ते असे पाडले नव्हते. एका वर्कशॉपने इंजिन गेले, नवीन टाका, असे सांगून मोठा आकडा कागदावर लिहून दिला होता. बाबांनी हेड उघडले, व्हॉल्व्ह घासून बसवले, गॅसकेट बदलले. ते इंजिन आजही चालते.

याला सरकारदरबारी किंमत किती? सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या वर्षपूर्तीचा मोठा सोहळा २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातच झाला. योजनेत १८ धंदे आहेत: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, माळी, शिंपी अशी ती यादी. अवजारांसाठी १५ हजार रुपये, ३ लाखांपर्यंत स्वस्त कर्ज. मदतीला माझा विरोध नाही, त्या कारागिरांना ती मिळालीच पाहिजे. पण यादी वाचा. ती गावगाड्याची यादी आहे. मोटार मेकॅनिक तिच्यात नाही, वेल्डर नाही, वायरमन नाही. म्हणजे ज्या धंद्यांमध्ये माणूस बापाची जात ओलांडून आला, नेमके तेच धंदे बाहेर. कौशल्य कुटुंबातून, परंपरेतून आलेले असावे ही या योजनेची भाषा आहे. तामिळनाडू सरकारने याच मुद्द्यावर ती योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. महाराष्ट्रात फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला घेतले जाते, इथे हा प्रश्न कोणी विचारला? चाळीसगावच्या टांगेवाल्याचा तर्क आता शासननिर्णयाच्या भाषेत आला आहे आणि आम्ही अर्ज कुठे भरायचा ते विचारतो आहोत.

दुसरी बाजू आपली स्वतःची. 'शिका' या शब्दाचा अर्थ आपण हळूहळू 'खुर्चीवर बसा' असा करून टाकला. सरकारी नोकरीने आपल्या दोन पिढ्या उभ्या केल्या, आरक्षण टिकलेच पाहिजे, त्यावर दुमत नाही. पण ज्याचे हात काळे तो मागे राहिला, अशी जी भावना आपल्या सुशिक्षित घरांमध्ये शिरली आहे ती कुठून आली? हाताने काम करणारा खालचा आणि तोंडाने बोलणारा वरचा, ही उतरंड आपली नाही. आपण ती इस्त्रीच्या शर्टाबरोबर उचलली. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवत होते हे आपण अभिमानाने सांगतो. शेजारचा पोरगा टॅक्सी चालवतो हे सांगताना आवाज खाली येतो. माल वाहणारी गाडी चालवायला आठवी पास असण्याची अट २०१९ पर्यंत होती. त्या अटीमुळे आपल्यातले किती चांगले चालक चोरून, पोलिसाला चिरीमिरी देत गाड्या चालवत राहिले, याचा हिशेब आपल्या शिकलेल्या लोकांनी कधी मागितला नाही. त्यांना तो आपला प्रश्न वाटला नाही.

जुन्या गाड्यांचे काय करायचे हा वाद आता आणखी तापणार आहे. १५ वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसचे शुल्क एप्रिल २०२२ पासून कित्येक पटींनी वाढले आणि स्क्रॅप धोरण मागे लागले आहे. धूर हा खरा प्रश्न आहे, घुग्घुस-वणी पट्ट्यातल्या माणसाला तो दिल्लीवाल्याने शिकवायची गरज नाही, आमची फुफ्फुसे रोज तो मोजतात. पण नोझल आणि एअर फिल्टर नीट ठेवलेली वीस वर्षांची गाडी आणि तिप्पट कोळसा भरून धूर सोडत जाणारा पाच वर्षांचा ट्रक, यांत कोण जास्त विष ओकते हे वयावरून ठरत नाही. ते तपासावे लागते. तपासणारा माणूस लागतो, आणि तो माणूस घडवायला पंपाच्या खोलीचे दार उघडे लागते.

माझी पुतणी या वर्षी आयटीआयला 'मेकॅनिक डिझेल'ला आहे. वर्गात मुली दोनच. १६ ऑक्टोबरला आम्ही नेहमीप्रमाणे चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर निघालो. १९५६ मध्ये नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा दिली. वणीकडच्या लोकांना तीच जवळ. मागे चौदा माणसे आणि भाकऱ्यांची टोपली. (माल वाहायच्या गाडीत माणसे बसवायची नसतात हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवशीच्या एसटीची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांनीच मला शिकवावे.) वर्धा नदीच्या पुलाच्या अलीकडे गाडीने दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली. आदल्या दिवशी फिल्टर बदलला होता, मीच, घाईत. बाबा केबिनमधून उतरलेच नाहीत. पुतणीने बॉनेट उघडले, ओढणी कमरेला खोचली आणि स्क्रू सैल करून पंप दाबायला लागली. शेजारी एक कार थांबली. आतल्या गृहस्थांनी "जयभीम" केला आणि काळजीने म्हणाले, "पोरीला कशाला काळे करता, मेकॅनिक बोलवा ना." तिने वर पाहिले नाही. फेस, बुडबुडे, मग धार. हात मागे करून तिने दहाचा पाना मागितला. माझ्या हातात बाराचा होता.

दहाचा सीटखाली सापडला. गाडीचे फिटनेस फेब्रुवारीत संपते, त्याआधी हँडब्रेकची केबल आणि पुढचे ब्रेक लायनर बदलायचे आहेत. ते काम तिने मागितले आहे.